मागच्या काचेचं रबर

आजी त्या गाडीला सवत म्हणायची, आणि आजोबांना त्याचं जराही वाईट वाटायचं नाही. उलट कुणी गाडी बघायला आलं की ते स्वतःच म्हणायचे, “या, आमचं धाकटं कुटुंब दाखवतो.”

गाडी होतीच तशी देखणी. लांबुळकी, फिकट हिरवी, मागे सामानाला ऐसपैस जागा. मागची भलीमोठी काच बिजागरीवर वर उचलली जायची. आजोबांनी ती जुनीच घेतली होती आणि घेतल्यापासून तिचा एकेक स्क्रू त्यांच्या हाताखालून गेला होता. त्यांचा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. प्रमाण वजनांची लाकडी पेटी घेऊन गावभर फिरायचं, दुकानादुकानांतले काटे तपासायचे, खोटे असतील ते खरे करायचे. जन्मभर हेच केल्यामुळे त्यांचा एक सिद्धान्त तयार झाला होता: काट्यावर जे चढत नाही, त्याला वजन नाही.

आजीची डोकेदुखी काट्यावर चढत नव्हती.

ती पेटी गाडीत पुढच्या सीटवर असायची, पट्ट्याने बांधलेली. पितळी वजनांना धक्का लागून चालत नाही. म्हणून आजी मागे, मांडीवर पोरगं घेऊन. “मेल्या पितळेला मान, बायकोला मागचं सामान,” असं ती म्हणायची, पण बसायची. गाडी जरा दूर गेली की तिच्या दोन्ही कानशिलांत ठोके पडायला लागायचे. मग मळमळ. मग डोळ्यांवर अशी झापड, की मांडीवरचं पोर सांभाळायची भीती वाटावी. ती सांगायची. आजोबा पुढची खिडकी खाली करायचे आणि म्हणायचे, “घे, हवा घे.” त्याने दुखणं वाढायचंच. मग आजोबांचा निकाल ठरलेला, “एवढी हवा येऊनही दुखतंय, म्हणजे दुखणं डोक्यात नाही, मनात आहे.” डॉक्टरकडे पोचेपर्यंत डोकं शांत झालेलं असायचं. डॉक्टरला काही सापडायचं नाही. हळूहळू घरात तो विनोदच झाला. आजी बसने कुठेही जाते, हसतखेळत जाते. तिला फक्त सवतच सोसत नाही.

शेवटी तिने त्या गाडीत बसणंच सोडलं. भांडून नव्हे, नुसतंच सोडलं. पुढच्या खोलीत तिचं शिवणकाम होतं. पडदे, गाद्यांच्या खोळी, कुणाची झालर, कुणाच्या कडेला गोट. मशीनवर बसलं की दिवस जायचा.

आता आजोबांनी काट्यांचा धंदा सोडला होता आणि मुलाचं वेगळं घर होतं. मुलगा कामानिमित्त महिनोन्‌महिने बाहेरगावी असायचा आणि सून एका तपासणी-लॅबमध्ये नोकरीला होती. त्यांची मुलगी भिंगरी. खरं नाव शाळेपुरतं, घरी भिंगरीच, कारण एका जागी ठरेल तर शपथ. दर रविवारी सून तिला आजीआजोबांकडे सोडायची आणि आजोबा तिला गाडीतून फिरवून आणायचे. हा त्या दोघांचा कायदा होता. मागच्या सीटवर बसून भिंगरी रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचायची आणि आजोबा चुकलेलं अक्षर दुरुस्त करायचे.

एका रविवारी भिंगरी फिरून आली ती सरळ मशीनपाशी आली आणि आजीच्या मांडीवर डोकं टेकून उभी राहिली.

“काय गं, आज पाय दमले की तोंड?”

“आजी, माझ्या डोक्यात कुणीतरी ठोकतंय.”

आजीचा पाय मशीनच्या पायट्यावर थांबला. “कुठे?”

भिंगरीने दोन्ही कानशिलांवर बोटं ठेवली.

आजी आजोबांना काहीच बोलली नाही. ती संध्याकाळी भिंगरीला न्यायला आलेल्या सुनेशी बोलली, तेही घाबरत घाबरत. इतकी वर्षं या गोष्टीवर हसणंच ऐकलं होतं. सून हसली नाही. तिने विचारलं, “आई, तुम्हाला खिडकी उघडल्यावर जास्त व्हायचं की कमी?”

“जास्त. पण ते कुणाला पटायचं नाही.”

“मला पटतंय,” सून म्हणाली आणि तिने आजीकडून पांढऱ्या दोऱ्याचा एक वीतभर तुकडा मागून घेतला.

गाडी दारातच उभी होती. सुनेने आजोबांना इंजिन चालू करायला सांगितलं, स्वतः मागे आत जाऊन बसली आणि मागच्या काचेच्या कडेला तो दोरा लोंबता धरला. दोरा किंचित आत झुकला. “आता पुढची खिडकी उघडा, बाबा, आणि जरा गाडी पुढे घ्या.” गाडी फाटकापर्यंत सरकली आणि दोरा आडवाच झाला, जणू कुणी आतून श्वास ओढून घेत होतं.

“हे बघा,” सून म्हणाली. “पुढच्या खिडकीतून हवा बाहेर ओढली जाते. तेवढी हवा कुठून तरी आत यायला हवी. ती इथून येते, या कडक झालेल्या रबराच्या फटीतून. आणि इथे खाली आहे धुराचं नळकांडं. त्या धुरात जो वायू असतो त्याला ना वास, ना रंग. रक्त ऑक्सिजन सोडून त्यालाच धरून बसतं. लहान पोराला लवकर चढतो.” मग तिने सासऱ्यांकडे बघितलं. “तुम्ही पुढे, स्वतःच्या खिडकीपाशी. तुम्हाला कळणार नाही.”

आजी आजोबांकडे बघत होती. तिला काही फार नको होतं. एवढंच एक वाक्य, की तू म्हणत होतीस ते खरं होतं.

आजोबांनी काचेच्या कडेवरून अंगठा फिरवला. “रबर जुनं झालंय,” ते म्हणाले. “बदलतो.”

“बदलून होईपर्यंत भिंगरी या गाडीत बसणार नाही,” सून म्हणाली. “आणि नंतर मी मोजून बघणार.”

“मोजच,” आजोबा म्हणाले. “मोजण्याला मी कधी नाही म्हटलंय?”

आजीने त्या दिवशी वाट पाहिली, दुसऱ्या दिवशीही पाहिली. मग तिने वाट पाहणं सोडलं. निदान तसं स्वतःला बजावलं.

नवीन रबर वेटोळं होऊन आलं, काळं, मऊ, बोटाएवढ्या जाडीचं. आजोबांनी मागची काच वर टेकवून ठेवली आणि चौकटीतलं जुनं रबर उपटायला घेतलं. ते वाळक्या चामड्यासारखं तुकडे होऊन निघत होतं. खालच्या बाजूचं निघालं तेव्हा त्यामागे काजळीचा पट्टा दिसला. तो चौकटीवरून आत वळून थेट अस्तरापर्यंत गेला होता, जणू कुणी तिथे वर्षानुवर्षं मेणबत्ती धरली होती. आजी चहा घेऊन दारात आली होती. आजोबांनी घाईघाईने स्पिरिटचा बोळा फिरवला. पट्टा गेला. आजीने पाहिलं होतं, आणि तिने पाहिलं हे आजोबांना कळलं होतं, आणि दोघांनीही तसं दाखवलं नाही.

मग खाच घासून, पुसून, तिच्यात डिंक लावून नवीन रबर बसवायला सुरुवात झाली. खालच्या मध्यावरून निघायचं, बाजूने वर चढायचं, दोन्ही वरचे कोपरे वळायचे आणि पुन्हा खाली येऊन टोकाला टोक मिळवायचं. आजोबांचा हात सफाईदार. एका हाताने रबर ताणून धरायचं, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने खाचेत दाबत न्यायचं. कोपऱ्यावर तर त्यांनी ते असं खेचून वळवलं की एकही सुरकुती पडली नाही. बघत राहावं असं काम.

आजीच्या बोटांना मात्र ते बघवेना. गोट लावताना कोपरा आला की पट्टी ओढायची नसते, थोडी सैल सोडायची असते, हे ती शिकाऊ पोरींना पहिल्याच दिवशी सांगायची. आणि इलॅस्टिक ताणून शिवलं तर ते गप्प बसत नाही. आज ना उद्या आखडतं आणि आपल्याबरोबर सगळं खेचून नेतं. रबर तर त्याचा थोरला भाऊ. तिने तोंड उघडलं.

“अहो...”

“आता यात काय खोट काढणार आहेस?” आजोबा मान वर न करता म्हणाले. आवाजात राग नव्हता, नुसती सवय होती. “उसवायला कात्री आणली असशील तर आत ठेवून ये.”

“काही नाही,” आजी म्हणाली. “चहा निवतोय.”

आत जाताना तिच्या मनात एक बारीकशी गोष्ट हलली. तिला नाव द्यायला ती तयार नव्हती. होऊ दे, असं काहीसं ते होतं. बसू दे ताणून. आखडेल तेव्हा कळेल. एवढी वर्षं आपण सांगितलं ते मनातलं ठरलं. आता आपण नाही सांगितलं, तर ते कुठलं ठरवतील?

संध्याकाळी सून आली. लॅबच्या बॉयलरखोलीतला तो वायू मोजायचा मीटर ती एका दिवसापुरता मागून घेऊन आली होती. आजोबांनी गाडी चांगली फिरवून आणली, काचा बंद ठेवून, मग उघडून. सून मागे मीटर मांडीवर धरून. परत आल्यावर दोघांचे चेहरे उजळलेले.

“शून्य,” आजोबांनी फाटकातूनच सांगितलं. “हललाच नाही काटा.”

“काटा नाही हो बाबा, आकडे असतात यात.”

“ते आकडे तर आकडे. शून्य म्हणजे शून्य.” त्यांनी गाडीच्या टपावर थाप मारली. “बसली की नाही आमची राणी सोवळ्यात!”

सून आजीकडे बघून हसली. “आई, सुटलो. येत्या रविवारी पाठवते भिंगरीला.”

“हो,” आजी म्हणाली. मीटरने शून्य दाखवलं होतं. आजी अडाणी नव्हती. मीटर खोटं बोलत नाही हे तिला कळत होतं. आणि मीटर आजचं सांगतो, चार दिवसांनंतरचं सांगत नाही, हेही तिला कळत होतं. पण मीटर उद्याच परत जायचा होता आणि घरात इतक्या दिवसांनी हसू आलं होतं. रबर म्हणजे काही कापड नव्हे, तिने स्वतःला समजावलं. डिंक लावलाय त्याला. डिंक धरून ठेवेल.

त्या आठवड्यात ती गाडीपाशी गेली नाही. कपडे वाळत घालायला तिकडूनच जावं लागायचं, तर तिने दोरी पुढच्या बाजूला बांधून घेतली. आजोबांनी विचारलं तेव्हा म्हणाली, “इकडे ऊन चांगलं येतं.” खरं तर इकडे भिंतीची सावली होती. तिला बघायचं नव्हतं. बघितलं आणि फट असली तर बोलावं लागलं असतं, आणि बोललं तर ‘तेव्हाच का नाही’ हा प्रश्न आला असता. नसली तर आपण इतके दिवस मनात काय बाळगलं याची लाज वाटली असती. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. पण झाकलं की निदान आरवणं ऐकू येत नाही.

रविवार उजाडला. सून भिंगरीला स्कूटरवरून घेऊन आली. तिला कामावर जायचं होतं, ती उतरलीही नाही.

“आई, आज नीट लक्ष ठेवा हं. फिरून आली की कशी आहे मला कळवा. तुमच्याएवढं ते दुसऱ्या कुणाला ओळखता येणार नाही. तुमच्या भरवशावर सोडतेय.”

स्कूटर गेली. भिंगरी गाडीत चढलीसुद्धा. आजी फाटकाला धरून उभी होती. आजोबांनी चावी फिरवली आणि इंजिन घरघरलं.

“थांबा,” ती म्हणाली. “मीही येते.”

आजोबांनी मान खिडकीतून बाहेर काढली. “कुठे?”

“तुमच्याबरोबर.”

“सवतीच्या घरी?” आजोबांना इतका आनंद झाला की तिला त्यांच्याकडे बघवेना. “अगं, मग पुढे बस! आता कुठे वजनं आहेत?”

“नको. मी भिंगरीपाशी बसते.”

“आजी आली, आजी आली,” म्हणत भिंगरीने तिला सीटच्या मधोमध ओढलं.

गाडी निघाली. सकाळची वेळ, रस्ते निम्मे रिकामे. आजोबा रंगात आले होते. हा नवीन पूल, तू पाहिलाच नाहीस. ही दुकानं बघ, इथे मी पहिला मोठा काटा बसवला होता. भिंगरी पाट्या वाचत होती. “चष्...म्याचं दुकान. आजोबा, चष्म्याचं दुकान. लाकूड... वखार.” आजी दोघांचं ऐकत होती आणि एकाचंही ऐकत नव्हती. तिला मागे वळून काचेच्या खालच्या सांध्याकडे बघायचं होतं, पण सीटच्या पाठीमागे सामानाची जागा, तिथून सांधा दिसत नव्हता. ती भिंगरीच्या तोंडाकडे बघत राहिली. गाल लाल आहेत का? नेहमीच लाल असतात. ओठ?

पुढे रस्त्याचं काम चालू होतं. गाड्यांची रांग लागली होती. आजोबांनी इंजिन चालूच ठेवलं आणि कोपर खिडकीवर टेकवून ते खोदकाम बघायला लागले.

भिंगरीने जांभई दिली.

साधी जांभई. सकाळी लवकर उठवलेलं पोर जांभई देणारच. तिने दुसरी दिली आणि आजीच्या दंडावर डोकं टेकलं. पाट्या वाचणं थांबलं होतं.

“भिंगरे, ती पाटी वाच बघू. निळी.”

“नको.”

“डोकं दुखतंय?”

“नाही. झोप येतीय.”

आजीच्या डाव्या कानशिलात एक ठोका पडला. मग उजव्या. की पडलाच नाही? भीतीनेही ठोके पडतात. इतकी वर्षं तिला सांगितलं गेलं होतं की तिचं डोकं खोटं बोलतं. आता तिलाच ते ओळखता येईना. ती स्वतःच्या नाडीकडे कान लावून बसली, जसं अंधारात कुणी दार वाजवतंय का ते ऐकावं तसं. घरात ज्या माणसाला एकच गोष्ट ओळखता येते असं सून म्हणाली होती, त्या माणसाला ती ओळखता येत नव्हती.

“अहो, गाडी बाजूला घ्या.”

“का? काय झालं?”

“घ्या म्हणते ना.”

“डोकं?” आजोबांनी आरशातून बघितलं. चेहऱ्यावरचा आनंद अजून पुरता उतरला नव्हता. “अगं, शून्य आलंय. मी स्वतः बघितलं. थांब, जरा पलीकडचीही खिडकी...” त्यांचा हात शेजारच्या सीटच्या काचेच्या दांडीकडे गेला.

“खिडकी उघडू नका!”

ती ओरडली. भिंगरी दचकून सरळ झाली. आजोबांचा हात तसाच अधांतरी राहिला. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. आजोबांनी गाडी रांगेतून काढून एका बंद गोदामाच्या फाटकासमोर लावली आणि चावी फिरवून इंजिन बंद केलं.

आजी भिंगरीला घेऊन उतरली आणि गोदामाच्या पायरीवर जाऊन बसली. “लांब श्वास घे. आणखी लांब. फुगा फुगवतेस तसा.”

“मला काही झालं नाहीये,” भिंगरी कुरकुरली.

“नसू दे. तरी घे.”

आजोबा गाडीमागे गेले. त्यांनी वरची कड पाहिली, बाजूच्या कडा पाहिल्या, कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला. सगळं जसंच्या तसं, गुळगुळीत. मग ते खाली वाकले आणि वाकलेलेच राहिले. आजी पायरीवरून त्यांच्या पाठीकडे बघत होती. त्या पाठीवरूनच तिला कळलं.

“इकडे ये,” ते म्हणाले.

खालच्या मध्यावर, जिथे रबराची दोन टोकं एकमेकांना भिडली होती, तिथे आता करंगळी जाईल एवढी मोकळी जागा होती. दोन्ही टोकं डिंक सोडून आपापल्या बाजूला सरकली होती. फटीच्या कडेने हिरव्या रंगावर करड्या भुकटीचा पुसटसा पट्टा पडला होता. बरोबर त्याच्या खाली धुराचं नळकांडं.

“चिकटली होती,” आजोबा म्हणाले. “त्या दिवशी टोकाला टोक चिकटलं होतं. तू पाहिलंस ना? मीटरने शून्य दाखवलं. मग हे असं कसं झालं?”

“ताणून बसवलंत. ताणलेलं आखडतं.”

“पण कुठेही सुरकुती नव्हती.”

“म्हणूनच.”

आजोबांनी त्या फटीत करंगळी घातली, काढली. मग हळूच विचारलं, “तुला हे आत्ता कळलं?”

आजीला ‘हो’ म्हणता आलं असतं. ते ‘हो’ जिभेवर तयार होतं, आणि त्यावर कुणी संशय घेतला नसता. पण पायरीवर भिंगरी गुडघ्यांवर हनुवटी ठेवून बसली होती.

“नाही. तुम्ही बसवत होता तेव्हाच कळलं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही म्हणालात, आता काय खोट काढणार आहेस.”

आजोबा तिच्याकडे वळले. “ते तर मी जन्मभर म्हणत आलोय. तू कधी ऐकलंस? नळ गळतो म्हणून बोललीस, छत गळतं म्हणून बोललीस, माझ्या आईलासुद्धा तोंडावर बोललीस. आणि नेमकं त्याच दिवशी तुला माझं ऐकावंसं वाटलं?”

उत्तर होतं, पण ते उच्चारण्यासारखं नव्हतं. तुम्ही खोटे पडावंत असं मला वाटलं. त्या वाटण्याच्या मागच्या सीटवर पोरगी बसलेली असेल, हे मी मनात येऊ दिलं नाही.

“सुनेला मी फोन करतो,” आजोबा म्हणाले. “चूक माझी आहे.”

“तुमची तुम्ही सांगा,” आजी म्हणाली. “माझी मी सांगते.”

तिने फोन केला. सरळ सांगितलं: रबर सुटलंय, पोरगी बरी दिसतेय, पण तू ये, आणि मला हे होणार असं वाटत होतं, तरी मी बोलले नाही. पलीकडून लॅबमधल्या कुठल्याशा यंत्राचा आवाज येत होता. मग सुनेने पत्ता विचारला.

ती येईपर्यंत भिंगरीची झोप उडाली होती. ती गोदामाच्या फाटकाच्या गजांवर पाय ठेवून झोके घेत होती आणि भूक लागली म्हणत होती. खरोखरच सकाळच्या उठण्याची झोप होती की दुसरं काही, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. सुनेने स्कूटर लावली, पोरीच्या पापण्या वर करून डोळे पाहिले, नखं पाहिली, चार पावलं सरळ चालायला लावलं. भिंगरीला तो खेळच वाटला. मग सून गाडीमागे गेली, वाकली, सरळ झाली.

“बाबा, मीसुद्धा एकदाच मोजलं,” ती म्हणाली. “आठवडाभराने पुन्हा मोजायला हवं होतं. चिकटवलेल्या वस्तूचं तसंच असतं. ती चूक माझ्याकडेही येते.” मग ती आजीकडे वळली. आवाज चढला नव्हता. “चुका मला समजतात, आई. दिवसभर चुकाच तपासते मी. पण तुम्हाला माहीत असताना तुम्ही तिला गाडीत बसू दिलंत, हे मला समजत नाही. मी तुमच्या भरवशावर सोडलं होतं तिला.”

“म्हणून तर मी बरोबर बसले,” आजी म्हणाली, आणि म्हणतानाच तिला ते किती तोकडं आहे हे जाणवलं.

“बरोबर बसलात. दोघींना चढलं असतं मग.”

“तिला बोलू नकोस,” आजोबा मध्येच म्हणाले. ते गाडीला टेकून उभे होते. हातांवर करडी भुकटी लागली होती. “ती वर्षानुवर्षं बोलत होती. खरंच बोलत होती. तिला गप्प बसायला मी शिकवलं.”

हे ते वाक्य होतं. किती वर्षं आजीने त्याची वाट पाहिली होती. मशीनवर, बसच्या थांब्यावर, डॉक्टरच्या दारात. आता ते भर रस्त्यात, सुनेसमोर, न मागता आलं होतं, आणि ते घ्यायला तिचे हात मोकळे नव्हते.

सुनेने मान हलवली. ती हो होती की नाही हे कळलं नाही. “भिंगरी येईल रविवारी,” ती म्हणाली. “पण मीही बरोबर असेन. काही दिवस तरी.” तिने पोरीला पुढ्यात उभं केलं, हेल्मेटचा पट्टा आवळला. भिंगरीने जाताना दोघांनाही टाटा केला. तिला काही कळलं नव्हतं, आणि कळलं नव्हतं म्हणूनच तिच्याकडे बघणं कठीण होतं.

स्कूटर वळणावर दिसेनाशी झाली. आजोबांनी गाडीला कुलूप लावलं.

“इथेच ठेवता?”

“उद्या येऊन रबर काढतो, मग नेईन. आज नको.”

बसचा थांबा बराच लांब होता. दोघं चालायला लागली. रस्त्याच्या कामाची धूळ उडत होती, गाड्यांची रांग अजून तशीच उभी होती. मग आजोबांनी तिच्याकडे न बघता विचारलं, “डोकं दुखतंय का?”

आजी थांबली. चिडून काही बोलावं असं तिला आधी वाटलं. पण त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. त्यांना उत्तर हवं होतं. तिने डोळे मिटले आणि प्रामाणिकपणे कानशिलांकडे लक्ष दिलं. ठोके होते. भीतीचे होते, धुराचे होते की सुनेच्या त्या एका वाक्याचे, ते तिला वेगळं करता आलं नाही.

“दुखतंय,” ती म्हणाली. “पण कशाने, ते मला सांगता येणार नाही.”

आजोबांनी मान डोलावली आणि आपलं चालणं हळू केलं.